पोपट, चिकू आणि वाळूराव

रविवारी रात्री साडेनऊला धाकट्यानं दप्तरातून एक चुरगळलेला कागद काढला. त्या वेळेला दप्तरातून निघणाऱ्या कागदात आजवर एकदाही चांगली बातमी नव्हती. ‘वेगवेगळ्या मातीचा रोपाच्या वाढीवर होणारा परिणाम अभ्यासा. तीन प्रकारची माती घ्या. पंधरा दिवस निरीक्षण करा. पालकांनी केवळ मार्गदर्शन करावे.’ मार्गदर्शन म्हणजे काम आपलं आणि अक्षर मुलाचं, एवढं मला थोरलीच्या वेळेपासून माहीत आहे.

“सोप्पंय,” मी म्हटलं. “वाळूत रोप मरतुकडं होतं, चिकणमातीत गुदमरतं आणि पोयट्यात झकास वाढतं. झालं!”

“सगळं माहितीये, तर मग प्रयोग कशाला करायचा?”

हा प्रश्न मी तेव्हा “झोप आता” म्हणून उडवून लावला.

वाळू मिळायला काही अडचण येऊ नये. जिथे बांधकाम चालू तिथे ढीग. पण चोरून घेतली तर मुलावर काय संस्कार होतील, म्हणून मी रीतसर मुकादमाला विचारायला गेले. “किती ब्रास?” त्यानं वही उघडली. “दोन ओंजळी,” मी म्हटलं. त्यानं वही मिटली आणि पुढचा मिनिटभर नुसतं माझ्याकडे बघितलं. चिकणमाती घरातच होती. थोरलीच्या मूर्तिकामातला उरलेला गोळा कपाटावर दोन वर्षं पडून दगड झाला होता, तो बादलीत भिजत घातला. राहिला पोयटा, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती मिसळलेली माती. रोपवाटिकेतून ‘उत्तम माती’ लिहिलेली पिशवी आणली, उघडली, तर आत नारळाच्या काथ्याचा भुगा. मातीचा म्हणून कण नाही. अखेर बागेतल्या एका जुन्या वाफ्यातली भुसभुशीत माती खुरप्यानं काढून आणली आणि जाहीर केलं, “हा पोयटा.”

“कशावरून?” थोरली आठवीत आहे. या वयात मुलं आईवडिलांच्या प्रत्येक विधानाला पुरावा मागतात.

पुराव्याची पद्धत तिलाच ठाऊक होती. उभट काचेची बरणी, तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि मग घट्ट झाकण लावून खदाखदा हलवायचं. ‘घट्ट’ हा शब्द तिनं धाकट्याला दोनदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगायला हवा होता हे छताकडे बघून कळलं.

दुसऱ्या खेपेला मात्र बघण्यासारखं झालं. बरणी खाली ठेवल्यावर मिनिटभरात वाळू तळाशी बसली, अगदी डोळ्यांदेखत, सरसर. तिच्यावर गाळाचा मऊ थर बसायला काही तास लागणार होते. आणि वरचं गढूळ पाणी म्हणजे तरंगणारी चिकणमाती. ती खाली यायला कित्येक दिवस. सगळं बसलं की पट्टीनं थर मोजायचे. साधारण चाळीस टक्के वाळू, चाळीस टक्के गाळ, वीस टक्के चिकणमाती निघाली, तर आमचा पोयटा अस्सल.

“चिकणमाती इतकी आळशी का?” धाकट्याचा प्रश्न.

“आळशी नाही, बारीक.” वाळूचा मोठ्यात मोठा कण २ मिलिमीटरचा आणि चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरहूनही लहान, हजार पटींचा फरक. हे पोराला कसं सांगणार? “समज, चिकणमातीचा कण मोहरीएवढा झाला, तर वाळूचा कण आपल्या दाराएवढा होईल.” त्यानं दाराकडे बघितलं, विचार केला आणि म्हणाला, “मग तो घरात कुठून येणार?”

बरणी ओट्याच्या कडेला ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली: ‘हलवू नये.’

आता पेरणी. तीन पेले घेतले, डाभण तापवून बुडाला भोकं पाडली आणि प्रत्येकात घेवड्याच्या दोन-दोन बिया टाकल्या. थोरलीनं नियम घालून दिला: प्रयोगात एकच गोष्ट बदलायची. माती वेगळी, पाणी, ऊन, जागा, सगळं तंतोतंत सारखं. औषधाच्या मापानं रोज प्रत्येकाला ३० मिलिलिटर. धाकट्यानं मान डोलावली आणि लगेच तिघांचं बारसं केलं. वाळूतला वाळूराव, चिकणमातीतला चिकू आणि पोयट्यातला पोपट. नावं ठेवू नयेत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. शास्त्रज्ञ नमुन्यांना क्रमांक देतात ते काय उगाच?

तीस मिलिलिटरचा समान न्याय पहिल्याच दिवशी लंगडा पडला. वाळूरावाला पाणी घातलं की ते खालच्या बशीत हजर. इकडून आत, तिकडून बाहेर. अभ्यास सांगितल्यावर आमच्या घरात होतं तसंच. पोपटानं समजूतदारपणे पाणी जिरवलं. चिकूच्या डोक्यावर मात्र तळं साचलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पेल्याला कुबट वास येऊ लागला.

“चिकू बुडतोय,” धाकटा कळवळला. “मुळांना श्वास घेता येत नाहीये.”

हे त्याला मीच शिकवलं होतं. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी रिकामी जागा असते, तिच्यात थोडी हवा, थोडं पाणी. चिकणमातीतल्या फटी इतक्या बारीक की पाणी शिरलं की निघायचं नाव घेत नाही आणि हवेला जागा उरत नाही. मुळांनाही श्वास लागतो. (“नाक कुठंय?” हा प्रश्न येऊन गेला.) शिकवलेलं मुलाच्या डोक्यात राहिलं याचा आनंद मानावा, तर त्यानं त्याच रात्री चिकूला बशीवर उपडा धरून पाणी काढायचा प्रयत्न केला.

पाचव्या दिवशी पहिलं रोप उगवलं. वाळूरावाचं.

“तू तर म्हणालीस वाळूत मरतुकडं होतं!”

“थांब जरा.”

सहाव्या दिवशी पोपट वर आला. तोवर वाळूरावानं दोन जाडजूड दलं पसरून ऐसपैस बैठक मारली होती. चिकूचा पत्ताच नव्हता. वरची माती वाळून तिची कवची झाली होती. आठव्या दिवशी ती मध्यभागी टेंगळासारखी उचलली गेली, नवव्या दिवशी तडकली, आणि चिकू मान खाली घालून, डोक्यावर मातीची खपली टोपीसारखी घेऊन बाहेर आला. दुसरं बी आतच कुजलं होतं. धाकट्यानं काडीनं ती टोपी इतक्या हळुवारपणे काढली की मला भरून आलं. स्वतःची टोपी तो कधी जागेवर ठेवत नाही.

वाळूराव पुढे का, हे शोधताना लक्षात आलं की बी घरून डबा घेऊन येतं. घेवड्याची ती दोन जाड दलं म्हणजे भरलेला डबा. तो संपेपर्यंत रोपाला मातीतल्या कसाची फारशी गरजच नसते. मोकळी जागा, ओल आणि हवा मिळाली की पुरे. वाळूत डोकं वर काढायला अडथळा नाही, म्हणून वाळूराव पहिला. आणि डबा पुरतो किती? साधारण दोन आठवडे. निरीक्षणाची मुदतही नेमकी पंधरा दिवस. म्हणजे रोप मातीवर जगायला लागलं रे लागलं की तक्ता जमा करायचा. शाळेच्या नियोजनाला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

“पण शेवटी झाड मातीच खातं ना?” धाकट्यानं विचारलं. “मग बाबांच्या कुंडीतली माती कमी का होत नाही?”

हाच प्रश्न सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या फान हेल्मोंट या शास्त्रज्ञाला पडला होता. त्यानं २०० पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकांचा पत्रा. पाच वर्षं त्या कुंडीत कोणी बोट घातलं नाही, काही मिसळलं नाही. घरची माणसं कसली असतील! झाड भरलं १६९ पौंड, आणि माती कमी झाली फक्त दोन औंस, म्हणजे साठेक ग्रॅम. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये मुलानं हे सगळं छापलं. झाड माती खात नाही हे हेल्मोंटनं बरोबर ताडलं, पण मग ते पाण्यातूनच घडतं असं ठरवून बसला. झाडाचा बराचसा ऐवज येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. आणि गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द मुळात याच गृहस्थानं दिलेला.

“म्हणजे झाडानं माती खाल्ली नाही,” धाकटा म्हणाला, “त्या आजोबांनी खाल्ली.”

ऐकून थोरलीसुद्धा हसली. त्या साठ ग्रॅममध्येच खरी मेख होती. झाडाला लागणारी खनिजं तीच. पण एवढ्या हशानंतर खनिजं कोण ऐकतंय?

अकराव्या दिवशी पोपट झाला. म्हणजे पोपटाचाच पोपट झाला. पानांच्या कडा करपल्या, शेंडा लवला. पाणी वेळेवर, ऊन सारखं, मग झालं काय? चौकशी समिती बसली आणि नवऱ्यानं सहज आवाजात कबुली दिली. “अगं, तो मागे पडत होता, म्हणून चमचाभर खत घातलं. जिंकायला हवा होता ना तो?” चमचाभर! दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात! खताचे क्षार इतके झाले की मुळांनी पाणी ओढायचं सोडून मातीच मुळांतलं पाणी ओढायला लागली. “बाबा, एकच गोष्ट बदलायची होती,” थोरली दातओठ खात म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं, त्यानंही एकच गोष्ट बदलली.

या गोंधळात चिकू कुठे आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. पंधराव्या दिवशी, उंची मोजायच्या वेळी, खिडकीत पेले दोनच.

“तो आजारी होता,” धाकटा म्हणाला. “मी त्याला विश्रांतीला ठेवलाय.”

कपड्यांचं कपाट उघडलं. तिसऱ्या कप्प्यात, स्वेटरांच्या मागे, चिकू. पाच दिवस अंधारात राहून तो पांढुरका पिवळा पडला होता, पानं इवलीशी, देठ दोऱ्यासारखा, आणि उंची एकवीस सेंटीमीटर. उजेड शोधायला रोप सगळी शिल्लक उंचीत घालतं, म्हणून अंधारातलं रोप असं उसासारखं पळतं. वाळूराव सोळा. पोपट अकरा, तोही मान सरळ धरून मोजला तर.

तक्त्यात रकाना एकच होता: ‘उंची’. रंग, तब्येत, पानं यांना जागा नव्हती. मी म्हटलं, खरं आहे ते लिही. त्यानं लिहिलं: ‘रोप चिकणमातीत सर्वांत उंच वाढते. ते कपाटात ठेवावे. पोयट्यात रोप जळते.’ खाली पालकांची सही. मी सही केली. दोन दिवसांनी तक्ता परत आला. शेरा होता: ‘छान निरीक्षण.’ वाचलं असेल की नाही, देव जाणे.

खरा प्रयोग त्यानंतर सुरू झाला आणि तो बघायला फक्त मीच होते. वाळूरावाची दलं सुरकुतली, रिकाम्या पिशव्यांसारखी लोंबली आणि गळून पडली. डबा संपला. चौथ्या आठवड्यात त्याची खालची पानं पिवळी पडू लागली. नत्र कमी पडलं की रोप जुन्या पानांतलं काढून कोवळ्या शेंड्याला देतं. खालच्यांनी पिवळं पडायचं आणि वरच्यांनी टवटवीत दिसायचं. नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, “हे मला ओळखीचं वाटतंय.” पोपटाला तीन-चार दिवस भरपूर पाणी घालून खत धुऊन काढलं, आणि करपलेल्या पानांच्या बेचक्यातून एक हिरवंगार पान निघालं. पंचविसाव्या दिवशी तो वाळूरावाच्या पुढे गेला. चिकू उजेडात आल्यावर हिरवा झाला, पण एकवीस सेंटीमीटरचा तो देठ त्याला स्वतःचा स्वतःला पेलेना. काडीचा आधार देऊन उभा केला. आता पाणी आठवड्यातून दोनदाच घालते, तर चिकणमातीनं धरून ठेवलेल्या कसावर सावकाश जाड होतोय.

राहता राहिली बरणी. महिनाभर ती काही निवळली नाही, कारण जाता-येता प्रत्येक जण “हे काय गं?” म्हणून उचलून हलवायचा. पाहुण्यांनी हलवली. नवऱ्यानं चिठ्ठी वाचता वाचता हलवली. धाकट्यानं ‘चिकणमातीला जाग आहे का’ हे बघायला हलवली. प्रत्येक वेळी थोरली नोंदवहीत तारीख आणि गुन्हेगाराचं नाव लिहायची. शेवटी मी ती उंच फळीवर ठेवली आणि सगळ्यांना सक्त ताकीद दिली.

काल सकाळी बघते तर पाणी काचेसारखं स्वच्छ. तळाशी करडी वाळू, वर तपकिरी गाळ, त्याच्यावर सायीसारखा चिकणमातीचा पातळ थर, रेघा आखल्यासारखे. आमचा पोयटा खरंच पोयटा होता! मी आनंदानं हाका मारल्या. पोरं पट्टी घेऊन धावली. “बघा, बघा!” म्हणत मी बरणी फळीवरून काढली आणि इतक्या वर्षांची औषधं पाजायची सवय, दोन्ही हातांत धरून छान वरखाली केली.

कोणी काही बोललं नाही. थोरलीनं नोंदवही उघडली, तारीख टाकली आणि लिहिलं: ‘आई.’