फॅटी लिव्हरवाले पाटील

"पाटील कोण? मुतखडावाले नाही, फॅटी लिव्हरवाले पाटील!"

शनिवारी सकाळी अकरा वाजता, डोंबिवलीतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये, वीस-बावीस माणसांच्या देखत माझं हे बारसं झालं. काउंटरवरच्या मुलीचा तसा दोष नाही म्हणा. त्या दिवशी तिथे दोन पाटील होते. महाराष्ट्रात कुठेही वीस माणसं जमली की दोन पाटील निघायचेच. पण "निळ्या शर्टवाले पाटील" म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? मुतखडावाले पाटील तर माझ्याकडे बघून चक्क हसले. पोटात खडे घेऊन फिरणारा माणूस मला हसतो!

मुळात मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत रक्तातलं एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम) जरा वर आलं, डॉक्टर म्हणाले पोटाची सोनोग्राफी करून घ्या, झालं. साडेआठची वेळ दिली होती. रात्रीपासून उपाशी या आणि येताना लिटरभर पाणी पिऊन या. मी आज्ञाधारक माणूस, सव्वा लिटर प्यायलो. आठ चाळीसला "प्रेशर आलंय का?" असं विचारलं. आलं नव्हतं. नऊ वाजता आलं, तर आत दुसरं कोणी होतं. साडेनऊला मी काउंटरवर जाऊन हळू आवाजात "आलंय" असं सांगितलं, तर ती मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "थांबा अजून थोडं, होल्ड करा." त्यानंतरचा पाऊण तास मी भिंतीवरच्या गर्भलिंग निदान कायद्याच्या बोर्डाकडे डोळे लावून बसलो होतो. तो बोर्ड आता मला पाठ आहे.

आत गेल्यावर पोटावर गारेगार जेल, आणि ज्या जागी दाबू नये नेमकं त्याच जागी दाबत डॉक्टर, "श्वास घ्या... धरा... सोडा." सोडा म्हणाले तेव्हा नक्की काय सोडायचं याचा मला क्षणभर मोह झाला. स्क्रीनकडे बघत ते शेजारच्या टायपिस्टला सांगत होते, "लिव्हर ब्राइट." यकृत किती उजळ दिसतं ते शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी ताडून ठरवतात, चरबी साठली की ते जास्त पांढरट दिसतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र बरं वाटलं होतं. शाळेपासून आजवर माझ्या कुठल्याही भागाला कोणी ब्राइट म्हटलं नव्हतं.

पण खरी तपासणी बाहेर आल्यावर झाली, आणि ती केली शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी.

हे काका सकाळपासून माझ्या शेजारी होते. मांडीवर साड्यांच्या दुकानाची जुनी पिशवी, पिशवीत तारीखवार लावलेले स्वतःचे रिपोर्ट. पलीकडे काकू. माझं नाव पुकारलं गेलं, मी पाकीट घेऊन आलो, तर काकांनी हात पुढे केला. मागितलं वगैरे नाही. नुसता हात पुढे केला, आणि माझ्या हाताने ते पाकीट देऊन टाकलं. संस्कार नडतात ते असे.

चष्मा कपाळावरून नाकावर आणत काकांनी रिपोर्ट वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

"ग्रेड वन? हॅ! मला वाटलं काहीतरी असेल. मी टू आहे. चौदा सालापासून."

"सोळा," काकू म्हणाल्या. "चौदाला वनच होतं."

"तेच ते. जॉइन चौदाला झालो, प्रमोशन सोळाला."

मग ते माझ्याकडे झुकले, आवाज खाली आणला (म्हणजे फक्त आठ-दहा जणांना ऐकू जाईल इतका) आणि विचारलं, "किती घेता?"

"काय?"

त्यांनी मूठ मिटून अंगठा ओठांकडे नेला.

"नाही हो, मी घेत नाही."

"रोज नाही हो. शनिवार-रविवार?"

"कधीच नाही."

"ऑफिसच्या पार्टीला तरी?"

"सोडा घेतो. लिंबू सोडा."

काका खुर्चीत मागे टेकले. साक्षीदाराने स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्यावर वकील टेकतो तसे. "सोडा घेतात," ते काकूंना म्हणाले. मग मला, "आणि सोड्यात?"

"लिंबू!"

"लिंबू म्हणतायत," काकांनी काकूंना कळवलं.

काकूंनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "सांगून टाकलं की हलकं वाटतं हो. आमचा भाचाही असाच शेवटपर्यंत नाही नाही म्हणत होता."

"शेवटपर्यंत म्हणजे?" माझ्या पोटात गोळा आला.

"आता पुण्याला असतो."

एव्हाना समोरच्या रांगेतल्या दोन बायका आणि मुतखडावाले पाटील उघड उघड ऐकत होते. मी मोठ्या आवाजात "अहो, मी संकष्टी करतो!" असं म्हणालो. आयुष्यात याहून केविलवाणा बचाव मी केलेला नाही. काकांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तूप बंद करा. ते सगळं जाऊन तिथे बसतं. आणि संध्याकाळचं जे काही असेल ते कमी करा, एकदम सोडू नका. त्रास होतो."

मी घरी आलो आणि दोन रात्री जागून यकृतावर जमेल तेवढं वाचलं. तब्येतीसाठी नाही. काकांना उत्तर द्यायचं म्हणून.

तर काका, ऐका. यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांच्या आडचं दीड किलोचं कोठीघर. जेवणातली साखर आली की त्यातली काही ते ग्लायकोजेन करून हाताशी ठेवतं. रोजच्या वापराचा डबा म्हणा. रात्री आपण घोरत असताना मेंदूला साखर जाते ती मुख्यतः याच डब्यातून. पण डबा लहान. साधारण शंभर ग्रॅम मावतं. डबा भरला आणि माल येतच राहिला, की यकृत जास्तीच्या साखरेची चरबी बनवायला घेतं. बनवलेली चरबी तिथेच ठेवायची नसते. चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून तिच्याभोवती प्रथिनांचं वेष्टन घालून व्हीएलडीएल नावाच्या पुड्या बांधायच्या आणि बाहेर रवाना करायच्या. येणारा माल जास्त आणि पुड्या बांधण्याचा वेग कमी, की पेशींमध्येच चरबीचे थेंब साचायला लागतात. शेकडा पाचच्या वर गेले की तुम्ही फॅटी लिव्हरवाले पाटील.

हे मी बायकोला आमच्या माळ्याचं उदाहरण देऊन समजावत होतो. माळ्यावर एका मिक्सरचं खोकं आहे. मिक्सर 2017 मध्ये गेला, खोकं मी वॉरंटीसाठी ठेवलंय. शिवाय दोन कुकरची खोकी, एक मोडका टेबलफॅन, आणि लग्नातल्या आहेराचं न उघडलेलं एक लेमन सेट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ते तुझ्याच वळणावर गेलंय."

आणि तुपाचं. 2005 साली अमेरिकेत काही फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातली चरबी कुठून आली याचा माग काढला होता. त्या दिवसांत खाल्लेल्या चरबीतून थेट आलेली निघाली सुमारे 15 टक्के. साखरेपासून यकृताने स्वतः बनवलेली 26. आणि तब्बल 59 टक्के ही अंगावरच्याच चरबीतून सुटून रक्तावाटे तिथे आलेली. पोट सुटलं आणि शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं, की चरबीच्या पेशी दार लावत नाहीत. रात्रंदिवस माल गळत राहतो आणि सगळा यकृताच्या दारात येऊन पडतो. म्हणजे माझ्या यकृतात जे आहे ते बरंचसं माझंच जुनं सामान आहे. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत गेलंय. कुणाच्या बाटलीतून आलेलं नाही.

तरी पटत नसेल तर बदकाचं बघा. फ्रान्समध्ये हंस-बदकांच्या घशात नळी घालून त्यांना मका भरवतात आणि त्यांचं यकृत फुगवून मग ते चवीने खातात. मका! तूप नव्हे, लोणी नव्हे. ही कला जुनी आहे. रोमन लोक त्यासाठी अंजिरं चारायचे. अंजीर म्हणजे लॅटिनमध्ये फिकुस, आणि अंजिरं चारलेलं यकृत म्हणजे 'इएकुर फिकातुम'. पुढे लोक त्यातला यकृताचा मूळ शब्दच विसरले आणि 'अंजीरवाला' तेवढा उरला. आजचा इटालियन 'फेगातो' आणि फ्रेंच 'फ्वा' ही त्याचीच पोरं. म्हणजे निम्मा युरोप आजही यकृताला अंजीरवालं म्हणतो. आमच्याकडचं संकष्टीवालं आहे.

कारण संकष्टीला मी काय खातो? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, मध्ये केळं, राजगिऱ्याचा लाडू, चंद्रोदयानंतर रीतसर जेवण. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेलं जवळजवळ शुद्ध पिष्ट. फ्रान्समधल्या बदकाला निदान नळीची जबरदस्ती असते. मी स्वतः ताट पुढे करून "अजून थोडी, खरपूस बघून" म्हणतो.

आपल्याकडे शब्दांचा घोळ उलटाच. खरं म्हणजे काळीज म्हणजेच यकृत. मटणाच्या दुकानात कुणालाही विचारा. "दोन पीस काळजाचे टाक रे" म्हटल्यावर तो हृदय देत नाही. पण कवींनी ते उचलून छातीत डावीकडे नेऊन बसवलं आणि तिथे ते धडधडायला लागलं. आई पोराला माझ्या काळजाचा तुकडा म्हणते तेव्हा काटेकोरपणे ती त्याला कलेजीचा पीस म्हणत असते. माझ्या काळजाचा ठोका चुकला वगैरे काही नाही, ते फक्त जाड झालंय.

आता जे मला खरोखर लागलंय ते सांगतो. 1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या लुडविग नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की दारू न पिणाऱ्यांचं यकृतही अगदी दारुड्यासारखं दिसू शकतं. देवमाणूस! त्यातून पुढे आजाराला नाव रूढ झालं, 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज'. नावातच चारित्र्याचा दाखला. काकांच्या तोंडावर मारता आला असता. पण 2023 साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून हे नाव बदललं. 'अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' हे शब्द रुग्णाला हिणवणारे वाटतात, म्हणून दोन्ही काढले आणि त्या जागी मेटाबॉलिक अमुक-असोसिएटेड स्टिअॅटॉटिक तमुक असं काहीतरी आलं. थोडक्यात 'मॅसल्ड'. त्यांचा हेतू चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण मला फॅटी म्हटल्याचं दुःख नव्हतंच हो! माझ्याकडे 'नॉन' एवढा एकच पुरावा होता. तोही गेला.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. दोन मिनिटं. "घाबरायचं काही नाही, गोड कमी करा, पाच ते दहा टक्के वजन उतरवा, रोज पाऊण तास चाला." वजन चौऱ्याऐंशी, म्हणजे सहा-सात किलो. चाला. कुठे? आमच्या गल्लीतला फुटपाथ मे महिन्यात उखडला तो अजून उखडलेलाच आहे. जिथे शाबूत आहे तिथे वडापावची गाडी. सकाळी सात बेचाळीसची फास्ट, दीड तास एका पायावर, मग नऊ तास खुर्ची, परत दीड तास एका पायावर. ऑफिसातल्या मशीनचा चहा आधीच गोड असतो, बिनसाखरेचं बटणच नाही. चाळीस जणांचा विभाग, म्हणजे वर्षाला चाळीस केक, आणि केक नको म्हटलं की "ओहो, डाएट!" म्हणून दुप्पट तुकडा तोंडात कोंबतात. नळी तेवढी नाही, बाकी सगळं तेच. यात माझी चूक नाही असं नाही. पण सगळी चूक माझीच, आणि तीही संध्याकाळी लपून केलेली, असं ज्या नजरेने आता लोक बघतात ना, ते काही मला पटलेलं नाही. मावशीचा फोन आला, "अरे, तुझ्या आईला तरी वाटलं का कधी?" मावसभावाने एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर पाठवला. खाली हात जोडलेले.

सोमवारी सकाळी प्लॅटफॉर्मवर उभा होतो. काका दिसले. रस्त्यावर चालायला जागा नाही म्हणून ते आणि त्यांचे चार मित्र स्टेशनच्या पुलावर फेऱ्या मारतात. मला बघताच थेट खाली उतरून आले, मंडळींसकट.

"हे आपले ग्रेड वन," त्यांनी ओळख करून दिली. "नवीन आहेत. घेत नाहीत म्हणतात."

चौघांनी समजुतीने माना डोलावल्या. माझ्याकडे सगळं तयार होतं. पंधरा टक्के, सव्वीस टक्के, एकोणसाठ टक्के, बदक, मका, अंजीर, मेयो क्लिनिक. मी घसा खाकरला. "काका, त्याचं असं आहे, रोमन लोक..."

गाडी आली. गर्दीने मला उचलून आत नेलं. दारातून मागे पाहिलं तर काका पाठमोरे झाले होते आणि मित्रांना मूठ मिटून अंगठा ओठांकडे नेऊन दाखवत होते.

"लिंबू सोडा म्हणे!"