पायात चपलाही नसलेला माणूस

एका गरजू मुलीची गोष्ट दाखवून देणग्या मागणाऱ्या परवाच्या त्या चित्रफितीवर कट्ट्यावर बोलणे निघणार हे ठरलेलेच होते, कारण ती आमच्या प्रत्येकाच्या मोबाईलवर किमान तीनदा येऊन गेली होती आणि त्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनी नंतर त्याविरुद्ध जे लिहिले तेही सर्वांनी वाचले होते. बंड्या सगळ्यांत उशिरा आला. वाटेत अंगठा तुटल्यामुळे त्याची एक चप्पल पायात आणि दुसरी हातात होती. बसायच्या आधीच त्याने जाहीर केले, "काहीही म्हणा, लोकांनी देणग्या दिल्या. गोष्ट चालली."

बंड्याचा सगळा जीव या 'चालली'मध्ये अडकलेला आहे. पंधरा वर्षे जाहिराती लिहून झाल्यावर तो सामाजिक संस्थांसाठी आवाहनपत्रे लिहू लागला आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्यात 'हुक', 'इमोशन' आणि 'पहिली तीन सेकंदे' यांखेरीज फारसे काही येत नाही. माणूस दुष्ट नाही. परंतु समोर कोणी रडू लागले की त्याचे हात आपोआप कॅमेऱ्याची चौकट धरतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

मास्तरांनी त्याला आकड्यांची रसद पुरवली. 2007 साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांना तोंडपाठ आहे. त्यात सहभागी झालेल्यांना एका प्रश्नावलीबद्दल पाच डॉलर दिले आणि त्यातले काही दान करण्याची संधी दिली. ज्यांना दुष्काळाची आणि उपासमारीची नुसती आकडेवारी वाचायला मिळाली त्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले, तर ज्यांना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एकाच मुलीची माहिती आणि तिचे छायाचित्र मिळाले त्यांनी 2.38 डॉलर दिले. "आणि दोन्ही एकत्र दिले तेव्हा?" असे विचारून मास्तर वर्गात थांबावे तसे थांबले, आणि कोणी उत्तर देत नाही हे पाहून स्वतःच म्हणाले, "1.43. म्हणजे गोष्टीला आकडेवारी जोडली की देणगी वाढत नाही, उलट घटते."

"ऐका!" बंड्याने हातातली चप्पलच उंचावली. "मी हेच ओरडून सांगतो, तर तुम्ही मला कसाई म्हणता."

"कसाई मी तुला कधीच म्हटले नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "कसायाला निदान ठाऊक असते की समोरचे जनावर आपले नाही. तू तर परक्याची गोष्ट आपली समजून कापतोस."

ताईंनी वस्त्यांमध्ये वीस वर्षे काम केले आहे, आणि बंड्याशी त्यांचे जे जुने भांडण आहे ते आम्हा सर्वांना पाठ असले तरी त्यांनी ते पुन्हा सांगितले, आणि सांगायलाच हवे होते. बारा वर्षांपूर्वी ज्या संस्थेत त्या होत्या तिच्यासाठी बंड्याने पत्रक केले होते. नवरा गेल्यानंतर शिवणकामावर घर चालवणाऱ्या एका बाईंशी ताई दोन तास बोलल्या होत्या, आणि त्या दोन तासांत त्या बाईंनी सर्वांत अभिमानाने सांगितलेली गोष्ट म्हणजे त्यांनी शेजारच्या पाच जणींना मशीन शिकवले होते. पत्रकात त्या पाच जणी आल्याच नाहीत. आला तो अर्धा अंधारात बुडवलेला चेहरा आणि त्याखाली ठळक टाइपात एकच शब्द, 'निराधार'. ते पत्रक बाईंच्या आठवीतल्या मुलाच्या शाळेत वाटले गेले. पुढच्या भेटीत ताईंना ते त्या घरात दिसले, मशीनच्या तेलाच्या डबीखाली उपडे ठेवलेले. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, हा शब्द मी म्हटला होता का?"

यावर बंड्याचे उत्तर बारा वर्षे तेच आहे. "त्यांची सही घेतली होती."

"ती सही कोणी घेतली?" वकीलसाहेबांनी विचारले. ते एरवी कट्ट्यावर वर्तमानपत्रात डोके घालून बसतात, पण 'सही' हा शब्द ऐकू आला की वर्तमानपत्राची घडी होते. "ज्या संस्थेकडून मशीन मिळाले त्याच संस्थेच्या माणसाने. नाही म्हटले तर मशीन परत जाईल का, हा प्रश्न त्या बाईंच्या मनात आला असेल की नसेल? ज्याला नकार देण्याची भीती वाटते त्याच्या होकाराला संमती म्हणत नाहीत. आणि सही कशावर होती? छायाचित्र वापरण्यावर. 'निराधार' या शब्दावर तर नव्हती."

बंड्या अडचणीत आला की इतिहासात शिरतो, आणि या वेळी त्याने काढलेला दाखला खरोखर तोलामोलाचा होता हे मला मान्य करावे लागेल. 1919 साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात एग्लंटाइन जेब हिने उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली, त्याबद्दल तिला अटक झाली आणि पाच पौंडांचा दंडही झाला, आणि त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मुलांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. "तिने त्या बाळाला विचारले होते का?" बंड्याने विजयी मुद्रेने आम्हा सर्वांकडे पाहिले. "ते छायाचित्र छापले नसते तर किती मुले मेली असती?"

"त्या पत्रकात छायाचित्राबरोबर काय लिहिले होते ते सांग की," ताई म्हणाल्या. बंड्याला ते आठवत नव्हते. "आपल्या नाकेबंदीमुळे हे झाले आहे, असे लिहिले होते. पहिल्या महायुद्धात वाचणाऱ्याच्याच, म्हणजे ब्रिटनच्या, सरकारने लादलेली नाकेबंदी. जेबला अटक झाली ती बाळ दाखवले म्हणून नव्हे, सरकारच्या परवानगीशिवाय अशी पत्रके वाटली म्हणून. तुझ्या पत्रकांत मूल असते, डोळे असतात, डोळ्यांतले पाणी असते. कारण कुठे असते, बंड्या? ते मूल उपाशी कोणामुळे आहे, हे तुझ्या एका तरी पत्रकातून कोणाला कळले आहे का?"

बंड्याने चपलेचा अंगठा भोकात बसवण्याचा प्रयत्न सुरू केला.

मला येथे मास्तरांचे कौतुक करावेसे वाटते, कारण आकडे बंड्याच्या बाजूने सांगून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूचेही लपवले नाही. सप्टेंबर 2015 मध्ये समुद्रात बुडून मेलेल्या अ‍ॅलन कुर्दी या सीरियन चिमुकल्याचे किनाऱ्यावरचे छायाचित्र जगभर पोहोचले, तेव्हा स्वीडनमध्ये सीरियातील निर्वासितांसाठी रेडक्रॉस गोळा करत असलेल्या निधीत रोज येणाऱ्या देणग्या एकदम कित्येक पटींनी वाढल्या, पण सहा आठवड्यांच्या आत तो पूर ओसरला. युद्ध मात्र सुरूच होते. वकीलसाहेबांनी 1993 च्या सुदानमधल्या त्या छायाचित्राची आठवण काढली, ज्यात एक खंगलेले मूल जमिनीवर वाकलेले आहे आणि मागे गिधाड बसले आहे. त्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पत्रकारितेतले पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि मुलाचे पुढे काय झाले हे विचारणारी इतकी पत्रे आली की ते छापणाऱ्या वर्तमानपत्राला खुलासा छापावा लागला. ती मुलगी नसून मुलगा होता, हे 2011 साली त्याच्या घरच्यांनी सांगितले तेव्हा जगाला कळले.

"अठरा वर्षे," ताई म्हणाल्या. "अठरा वर्षे जगाने त्याच्यासाठी अश्रू ढाळले, आणि तो मुलगा आहे हेसुद्धा जगाला ठाऊक नव्हते."

यानंतर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मी ताईंच्या बाजूचा आहे हे लपवण्याचे मला कारण दिसत नाही, पण त्यांची बाजू 'गोष्ट सांगूच नका' अशी नाही, जरी बंड्या दर वेळी ती तशीच करून सांगतो. लिहिलेली गोष्ट छापण्याआधी त्या माणसासमोर त्याच्याच भाषेत मोठ्याने वाचावी, कुठला शब्द टोचतो ते विचारावे, ती कुठे आणि कोणाच्या हातात जाणार हे सांगावे, आणि उद्या त्याचे मन बदलले तर ती निमूटपणे मागे घ्यावी, एवढेच त्या मागतात. संस्थेत असताना त्यांनी हे केले. एका आजोबांनी आपल्या गोष्टीतला 'लाभार्थी' हा शब्द खोडायला लावून तिथे स्वतःचे नाव घालून घेतले होते, आणि ते छापील पान त्यांच्या घरी भिंतीवर लागले.

"हे सगळे करायला वेळ कोणाला आहे?" बंड्या वैतागला. "आणि मी छापलेले खोटे तर नव्हते ना? बाई विधवा होत्या, गरीब होत्या. एक तरी शब्द खोटा दाखवा."

ताईंनी मोबाईल काढला आणि बंड्या काही म्हणायच्या आत, एक पाय उघडा, शर्ट घामाने चिकटलेला, मान खाली, अशा अवस्थेत त्याचे छायाचित्र घेतले. मग त्यांनी खड्या आवाजात मजकूर सांगायला सुरुवात केली. "पायात धड चपलाही नाहीत. सायंकाळ झाली तरी हा मध्यमवयीन माणूस घरी गेलेला नाही. त्याच्याकडे पाहणारे कोणी नाही. तो अजूनही वाट पाहतो आहे, तुमच्या मदतीची."

"अहो, ती आत्ताच तुटली आहे!" बंड्या उठून उभा राहिला. "घरी दुसरा जोड आहे माझा! आणि पाहणारे कोणी नाही म्हणजे काय, बायको माहेरी गेली आहे फक्त!"

"एक तरी शब्द खोटा दाखव," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे ते एरवी कधीच न ऐकू येणारे हसू फुटले.

"पण मला आधी वाचून दाखवायला नको का?" बंड्या इतक्या कळवळून म्हणाला की वकीलसाहेबांच्या हातून वर्तमानपत्र गळून पडले. ताईंना ठसका लागला. वकीलसाहेबांनी खिशातले पेन काढून संमतीसाठी त्याच्यापुढे धरले, ते त्याने झिडकारले, आणि छायाचित्र पुसून टाकल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो तिथून हलला नाही. जाताना कोपऱ्यावरून वळून त्याने ओरडून विचारले, "ती शिवणकामवाली बाई अजून तिथेच राहते का हो, ताई?"