ॲपल स्नेल टाकी साफ ठेवते म्हणे!

सध्या एक सल्ला फार फिरतोय: ‘माशांच्या टाकीत एक ॲपल स्नेल (गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय) सोडा. ती घाण खाऊन टाकी साफ ठेवते, वेगळं खायला घालावं लागत नाही, एकटी असली की पिल्लं होत नाहीत, आणि तरंगायला लागली की मेली समजून काढून टाका.’ यात तथ्य आहे ते चिमूटभरच.

आधी सफाईचं बघू. मऊ शेवाळ आणि उरलंसुरलं खाद्य ती खाते, हे खरं. पण जेवढं खाते त्या मानाने घाणही भरपूर करते, आणि त्या घाणीतून पाण्यात अमोनिया वाढतो. म्हणजे स्नेल आली की फिल्टरचं आणि पाणी बदलण्याचं काम वाढतं.

खायला न घालण्याचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. स्वच्छ टाकीत शेवाळ असतं तरी किती? उपाशी स्नेलची अवस्था कवचावर दिसते. कवच फक्त त्याच्या उघड्या तोंडाच्या कडेने वाढतं, त्यामुळे ती कड नीट निरखावी. नवा पट्टा पातळ, खडबडीत किंवा तडकलेला असेल, तर आहार किंवा कॅल्शियम कमी पडतंय. पाण्याचा पीएच 7च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी राहिलं तर जुना भागही झिजतो, टोकाशी पांढरे खड्डे पडतात. ते पुन्हा भरून येत नाहीत. पाणी सुधारलं तर पुढची वाढ तेवढी चांगली होते. उकडून मऊ केलेला पालक, काकडी, तळाशी बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात, कॅल्शियमसाठी टाकीत समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा ठेवावा. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी काढायचीच, नाहीतर तीच पाणी नासवते.

एकटीला पिल्लं होत नाहीत? यात नर-मादी वेगळे असतात, इथवर बरोबर. पण मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. विकत आणलेली एकटी मादीसुद्धा पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाला अंड्यांचा घोस चिकटवू शकते. पिल्लं नको असतील तर तो काढून फ्रीजरमध्ये ठेवावा.

आता तरंगण्याचं. हिला कल्ले आहेत तसं फुप्फुसही आहे. काचेवरून वर येते, डावीकडची नळी पाण्याबाहेर काढते आणि अंग मागेपुढे करत हवा ओढते. त्या हवेवर ती तासन्‌तास तरंगू शकते. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. वर चार बोटं जागा हवी, आणि झाकणही, कारण ती बाहेर चढून येते. शंका आली तर उचलून वास घ्यावा. मेलेली असेल तर दुर्गंधी लपत नाही. जिवंत असेल तर बहुधा हात लागताच कवचाचं दार ओढून घेते.

या सल्ल्यात तांब्याचा उल्लेखच नाही, आणि खरा धोका तिथे आहे. माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि माशाला सोसणारं प्रमाणही स्नेलला मारू शकतं. औषध द्यायचंच असेल तर आजारी मासा दुसऱ्या भांड्यात हलवावा.