दहा पौंडांची मुंबई? आधी सनद बघा

"पोर्तुगालनं मुंबई शहर हुंड्यात दिलं, इंग्लंडच्या राजानं ते ईस्ट इंडिया कंपनीला दहा पौंडांना विकलं आणि तिथली सगळी जमीन कंपनीची झाली." हा मजकूर अधूनमधून फिरत येतोच. त्यात खरं आहे ते लग्न: इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचं.

'शहर' दिलं? १६६१च्या विवाहकरारात शब्द आहेत बंदर आणि बेट. बेट नेमकं केवढं, यावरच जुंपली. राजातर्फे ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं दाद दिली नाही. बिचारा कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत वारला, त्याचे बहुतेक शिपाईही तिथेच गेले. ताबा मिळाला १६६५च्या फेब्रुवारीत, त्याचा सचिव हम्फ्रे कुक याला. माहीम करारात नाही, असं पोर्तुगीज म्हणत राहिले. कुकनं तेही घेतलं.

'दहा पौंडांना विकलं'? विक्री झालीच नाही. राजानं कंपनीला दिलेल्या १६६८च्या सनदेप्रमाणे ३० सप्टेंबरला सोन्यात भरायचा तो सालाना खंड होता, नावापुरता. बेटाचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त, म्हणून राजालाच ते नकोसं झालेलं. गंमत म्हणजे सनदेत मुंबईची धारणा (जमीन कोणत्या अटींवर धरायची ते) इंग्लंडात केंटमधल्या ईस्ट ग्रिनिच जहागिरीच्या धर्तीवर लिहिली आहे!

'सगळी जमीन कंपनीची'? ही सर्वांत मोठी थाप. माडांच्या वाड्या नि भातखाचरं आधीपासून पोर्तुगीज जमीनदारांकडे आणि स्थानिक रयतेकडे होती. राजाच्या अधिकाऱ्यांनी काहींच्या जमिनी जप्त केल्या, तक्रारी झाल्या, आणि ते घोंगडं कंपनीच्या गळ्यात आलं. शेवटी गव्हर्नर जेराल्ड आंजियरनं १६७४ मध्ये तडजोड केली: जमीनधारकांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन द्यायचे (हे नाणं म्हणजे आपल्या 'अश्रफी'चाच पोर्तुगीज अवतार) आणि कंपनीनं त्यांच्या जमिनींवरचा दावा सोडायचा. मालकच असती, तर सोडण्यासाठी करार कशाला केला असता? त्यातूनच 'पेन्शन अँड टॅक्स' हा धारणाप्रकार आला आणि पुढे शतकानुशतकं मुंबईच्या जमीन दप्तरात राहिला.

राहिली आजची मुंबई. अंधेरी, बोरिवली ही साष्टीतली, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडच्या वेगळ्या बेटावरची गावं. त्यांचा या हुंड्याशी संबंधच नाही. साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतली होती. कंपनीनं १७७४च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला हल्ला करून जिंकला आणि साष्टी बळकावली. मराठे आणि कंपनी यांच्यातल्या सालबाईच्या तहात, १७८२ मध्ये, ती कंपनीकडेच राहिली.