अर्धा खांब

गेल्या आठवड्यापासून गावातली पोरं मला 'एक रुपये गुर्जी' म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली. तेवढ्या काळात 'मारके मास्तर' सोडलं तर दुसरं नाव पडलं नव्हतं, आणि ते नाव मी कमावलेलं होतं. हे नवीन नाव मात्र फुकट मिळालं. फुकट म्हणजे एका रुपयात.

जुन्या ग्रामपंचायतीच्या दोन खोल्यांत आमच्या गावचं संग्रहालय आहे. तिफण, डवरा, वखर, मोट, पायली-कुडवाची मापं, जातं, आणि एक दमणी. दमणी कोणीतरी मोठ्या मनानं दिली, पण ती दारातून आत जाईना. सध्या चाकं आत भिंतीला टेकलेली आहेत आणि बाकी गाडी व्हरांड्यात आहे. तिच्यावर शेजारच्या काकू वड्या वाळवतात. म्हणून वाढीव दालन बांधायचं ठरलं, आणि तेही जुन्या वाड्यांसारखं सागवानी खांब, तुळया आणि वर कवेलू असं. समितीत पावतीबुकाचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले. "मास्तरले कोनी नाही म्हनत नाही," अध्यक्ष म्हणाले. हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

दर ठरले. खांब ५,००१ रुपये, तुळई २,५०१ आणि कवेलू ५१. खांबावर नाव कोरायचं. कवेलूवर नाही, कारण तिथं ते कावळ्यांशिवाय वाचणार कोण?

पहिला अडथळा असा की लाकूड म्हटलं की लोक कीव करतात. "काऊन गुर्जी, स्लॅबले पैसे पुरत नाही काय?" ज्याला त्याला घरकुलात स्लॅब मिळाला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हीच मंडळी त्या स्लॅबखालून खाट काढून अंगणात झोपतात, पण कवेलू म्हणजे गरिबी हे डोक्यातून जात नाही. मी समजावायचो की बाबांनो, दिल्लीच्या नव्या संसदेला सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये आपल्या बल्लारपूरहून लाकूड गेलं, मिरवणूक काढून गेलं. त्यावर एक जण शांतपणे म्हणाला, "मंग त्याइलेच मागा नं वर्गनी."

दुसरा अडथळा कापूस. वेचणी संपली नाही तोवर कापूस निघायचा आहे. निघाला की भाव पडलेला आहे. विकला की पैसे यायचे आहेत. आले की मुलीचं लग्न आहे. यात खोटं काहीच नसतं, म्हणून चिडताही येत नाही.

आणि तिसरा अडथळा धाकटे पाटील.

माझाच विद्यार्थी. सातवीत दोनदा बसला. त्या दिवशी चौकातल्या पानठेल्यासमोर बाकावर बसला होता. आजूबाजूला नेहमीची दहा-बारा माणसं होती. आमच्या कामाचा वाढई, म्हणजे सुतार, सोबत होता, म्हणून मला जरा धीर होता.

"गुर्जी, खांबाचे किती म्हनता?"

"पाच हजार एक."

"अर्धा खांब भेटते काय?"

याला अपूर्णांक मीच शिकवले होते. तेव्हा शिकला नाही, आणि आता हे. "अर्ध्या खांबाचं तू काय करणार?"

"अर्धा माहा, अर्धा दादाचा. आमची वाटनीची केस सुरू हाय नं कोर्टात. उद्या दादा म्हनन, वडिलोपार्जित पैशातून यानं एकट्याचं नाव कोरलं. पहिलेच सांगून ठेवतो, वरचा अर्धा माहा."

"वरचा का?"

"खालच्याले उदई लागते."

इथं वाढई बोलला. तो सहसा बोलत नाही, पण लाकडाला कोणी नाव ठेवलं की त्याला राहवत नाही. खांब जमिनीत पुरत नाहीत, खाली दगडी तळखडा असतो, त्याच्यावर खांब उभा राहतो, ओल वर चढत नाही, असं त्यानं सांगितलं. पिशवीतून एक जुना तुकडा काढला. कडेची पांढरट पट्टी उदईनं, म्हणजे वाळवीनं, चाळून खाल्ली होती, बोट लावलं की भुगा. आतला तपकिरी गाभा मात्र जसाच्या तसा. त्यानं वाकस घेऊन एक ढलपी काढली तशी आतून तेलकट चकाकी आली, आणि पानठेल्याच्या चुना-काताच्या वासातही सागवानाचा तो कडवट, चामड्यासारखा वास पसरला. "उदई वरचं खाते," वाढई म्हणाला. "गाभ्याले तोंड लावत नाही."

पाटलानं तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला. "मंग माहं नाव गाभ्यात कोरा."

"आत? वाचणार कोण?"

"जवा पडन तवा वाचतीन."

माणसं हसली. मी हसलो नाही, कारण अजून पावती फाटायची होती.

"खिळे किती लागते एका खांबाले?"

"खिळे नाही लागत," वाढई म्हणाला. "तुळईले भोक पाडाचं, खांबाचं कुसू त्याच्यात बसवाचं. लाकूड पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिळा गंजते अन् ढिला होते. कुसू लाकडाचंच, तेबी संगं फुगते. भार सारा खांबावर. भित पडली तरी घर उभं राह्यते."

पाटलानं सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मला वाटलं, चला, पटलं. इतकी वर्षं फळ्यासमोर उभा होतो, तेव्हा असं तोंड उघडं ठेवून त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हन्जे खिळ्याचे पैसे वाचले," तो म्हणाला. "ते पाच हजारातून कमी करा."

मग आयकरावर आला. "वर्गनीले ऐंशी जी मंधी सूट भेटते म्हन्तात." मी म्हटलं, मिळते, पण रोख दोन हजारांच्या वर दिले तर नाही. फोनवरून दे. आणि तुझं उत्पन्न सारं शेतीचं. त्याच्यावर आयकर नाही. तू भरतोस कुठे कर?

"भरत नाही. पर सूट काऊन सोडाची?"

तेवढ्यात त्याच्या खिशातून फोन निघाला. समितीनं वर्गणीसाठी एक बोलका डबा घेतला आहे. पैसे आले की तो बाईच्या आवाजात रक्कम सांगतो. त्याचं आवाज कमी करायचं बटण पहिल्याच दिवशी आत गेलं ते बाहेर आलंच नाही. पाटलानं डब्यावरच्या कोडावर फोन धरला. आजूबाजूला शांतता. पानठेलेवाल्यानं सुपारीचा अडकित्ता थांबवला. पाच हजार एक, निदान अडीच हजार, असं मी मनात धरलं.

"एक रुपये प्राप्त झाले."

चौकात त्या वेळी बस थांबलेली होती. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"तपासून पाह्यलं गुर्जी," पाटील म्हणाला. "पैसे बरोबर खात्यात जाते का नाही. जमाना खराब हाय." मग फोनकडे बघत तोंड वाकडं केलं. "आता सर्वर डाऊन दाखवून राह्यला. उद्या टाकतो उरलेले." आणि उठताना खास माझ्यासाठी, "केसचा निकाल लागेपर्यंत नाव खडूनं लिवलं तरी चालन."

उद्या म्हणजे कोणता उद्या, ते त्यानं सांगितलं नाही.

एका रुपयाचं मला काही नाही, वर्गणी मागायची म्हणजे तोंडाला चिकटपट्टी आणि कानाला बोळे लावूनच निघावं लागतं. पण याच पाटलाचा वाडा गेल्या उन्हाळ्यात पाडला. दोन भावांचं एकमत फक्त त्या एका गोष्टीवर झालं. आठ माणसांनी उचलावे लागतील असे खांब होते, आजोबांच्या काळातले. आम्ही समितीतले लोक तेव्हा गेलो होतो की दोनच खांब द्या, संग्रहालयाच्या दाराशी उभे करू, तुमच्या आजोबांचं नाव मोफत कोरू. "भाव चालू हाय," हे उत्तर मिळालं. व्यापाऱ्यानं घनफुटावर मोजून सगळं ट्रकात भरलं. आता हायवेवर कुठल्याशा हॉटेलात त्या खांबांना पॉलिश मारून त्यांच्याखाली लोक झुणका-भाकर खात असतील आणि फोटो काढत असतील. आणि भावांची केस चालली आहे ती त्याच ट्रकाच्या पैशांवरून. म्हणजे ज्या लाकडाचे पैसे दोघांनी खाल्ले, तेच लाकूड नव्यानं विकत घ्यायला मी त्याच्याच दारात पावतीबुक घेऊन उभा.

शाळेची सहल मी नागपूरच्या अजब बंगल्यात नेत असे. १८६३ सालचं ते संग्रहालय. तिथं जुन्या वस्तू पाहताना एका पोरानं विचारलं होतं, "गुर्जी, जातं बी ठेवते काय इथं? आमच्या घरी तं पडलंच हाय." तेव्हा मी त्याला गप्प बसवलं. ते जातं आता आमच्या संग्रहालयात आहे. त्या घरी कोणाला नको होतं.

अध्यक्षांना चौकातला प्रकार सांगितला. ते पोटभर हसले, आणि मग गंभीर होऊन म्हणाले की संस्था नोंदणीकृत आहे, रक्कम कितीही असो, पावती फाडलीच पाहिजे. काल पाटलाचाही निरोप आला की माझी पावती घरी पोचती करा, ऐंशी जीसाठी लागते.

पावती फाडली आहे. अक्षरी रुपये एक फक्त. घरी नेऊन द्यायला मी जाणार नाही. संग्रहालय दहा ते पाच उघडं असतं. सोमवारी बंद.