शीर मोकळी होते म्हणे!

काल रात्री साडेअकराला ताईने फॉरवर्ड पाठवला. "खेळाडूंनो, डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत", पाच मुद्दे, खाली हात जोडलेले इमोजी आणि त्याखाली ताईचा प्रश्न, "याचं असंच करूया का रे?" याचं म्हणजे माझ्या भाच्याचं. रविवारी कबड्डीत चढाईला गेला, कोपऱ्यातल्याने घोटा धरला, हा मधल्या रेषेकडे झेपावला आणि पाय मागेच राहिला. घोट्याचं पार वांगं झालंय.

मुद्दा पहिला: मुरगळलं की लगेच गरम तेलाने जोरात चोळा, "अडकलेली शीर मोकळी होते". अरे कुठली शीर? पाय आत वळून मुरगळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात नाहीतर फाटतात, आत रक्त उतरतं, म्हणून ती सूज आणि तो जांभळा रंग. त्यावर पहिल्याच दिवशी अंगठे रोवायचे म्हणजे आतलं रक्त अजून वाढवायचं. आणि हाड मोडलं असेल तर? वरून सूज सारखीच दिसते! ओटावा रूल्स म्हणून एक साधी तपासणी आहे, कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेली. घोट्याची दोन्ही बाजूंची वर आलेली हाडं मागच्या कडेला किंवा टोकाशी दाबल्यावर दुखतायत का, आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का. पावलावरच्या दोन जागाही बघतात. दुखत असेल किंवा चार पावलं जमत नसतील तर आधी एक्स-रे, बाकी सगळं नंतर.

मी सतरा वर्षांचा असताना चोळून घेतलाय, गल्लीतल्याच एकाकडून, दोघांनी खांदे दाबून धरले होते. तिसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढला तर बाहेरच्या हाडाला क्रॅक. म्हणून हे वाचून डोकं फिरलं.

दुसरा: बर्फ लावू नका. आता यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच, हा राइस फॉर्म्युला 1978 मध्ये ज्यांनी दिला त्या डॉ. गेब मिर्किन यांनीच 2014 मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम या दोन्हींनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. दुखणं कमी करायला सुरुवातीला दहा मिनिटं लावला तर काही बिघडत नाही. पण बर्फ नको म्हणजे उकळतं तेल चालेल, हे कोणी सांगितलं?

तिसरा: दीड महिना पाय टेकू नका. हाड शाबूत असेल तर साध्या मुरगळीत नेमकं उलटं करतात, सोसेल तेवढा भार लवकर द्यायला लावतात. पाय टांगून ठेवला तर पोटरी सुकते, तोल जातो, आणि मग परत तोच घोटा मुरगळतो.

चौथा: मॅचआधी दहा मिनिटं स्ट्रेचिंग केलं की दुखापत होतच नाही, आणि अठराच्या आत वजनं उचलायची नाहीत, उंची खुंटते. उंचीचं सोडा, नीट शिकवणारा उभा असेल तर त्या भीतीला काही आधार नाही. पण स्ट्रेचिंगचं ऐका. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये 2014 ला एक आढावा आला, 25 चाचण्या, 26,610 जण. नुसत्या स्ट्रेचिंगचा फायदा दिसला नाही, ताकदीच्या व्यायामाने मात्र दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या. म्हणजे ज्याने फायदा होतो तेच हे महाशय बंद करायला सांगतायत!

पाचवा मुद्दा काय, तर तेल मागवायचा नंबर. घ्या.

एक्स-रे सोमवारीच काढलाय, हाड ठीक आहे. फिजिओने सध्या पलंगावर पडून पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं गिरवायला दिलीयेत. सकाळी फोन केला तर म्हणाला, "मामा, बाकी सगळी येतात, 'ज्ञ'ला दुखतं."