नायजेरियात विमानाचं तिकीट ही चैन नाहीये

"इथल्या लोकांकडे पैसा कुठे आहे, विमानात बसणार कोण" हे वाक्य नायजेरियातल्या सगळ्यात मोठ्या शहरात, लागोसमधे राहणाऱ्या आपल्याच मंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. माझं मत बरोब्बर उलट आहे. गिऱ्हाईक आहे आणि भरपूर आहे, पण सरकार आणि विमान कंपन्या दोघंही त्याला श्रीमंतांची हौस समजून वागवतात, सगळी गडबड तिथेच आहे.

नुसता आकडा बघितला तर ते वाक्य खरं वाटतं हे मान्य. 20 कोटींच्या वर लोकसंख्या आणि देशातले-परदेशातले मिळून वर्षाचे विमान प्रवासी दीड कोटीच्या आगेमागे. आपल्या एकट्या मुंबई विमानतळावर 5 कोटींच्या वर होतात. पण हे दीड कोटी कोण आहेत आणि कशासाठी जातायत ते बघा की.

लागोस ते राजधानी अबुजा विमानाने तासा-सव्वातासाचं काम, रस्त्याने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्या रस्त्यावर लोकोजाच्या आजूबाजूला माणसं पळवून नेण्याची भीती इतकी की ज्याला कसंही करून परवडतं तो विमानानेच जातो, उधार घेऊन का होईना. मग म्हणाल ट्रेन आहे ना. 28 मार्च 2022ला अबुजा-कडुना ट्रेन रुळांवर बॉम्ब लावून थांबवली, गोळीबार केला, लोकांना जंगलात नेलं, शेवटचे प्रवासी सुटेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. ती लाईन परत सुरू झाली डिसेंबरमधे. अशा देशात विमानाचं तिकीट काढणारा माणूस मजा करायला चाललाय असं धरून धोरण आखणं मला पटूच शकत नाही.

आणि डिसेंबर! लागोसमधे धंदा-नोकरी करणारी, मूळची पूर्वेकडची इग्बो समाजाची मंडळी ख्रिसमसला पूर्वेकडे गावी जातात म्हणजे जातातच, आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात जातो अगदी तसं, एनुगू, ओवेरी, असाबा कुठलंही फ्लाईट घ्या, जागा नसते. पूर्वेकडच्याच अनांब्रा राज्याचं नवं विमानतळ 2021च्या डिसेंबरात सुरू केलं ते उगाच नाही. त्यात लंडन, ह्यूस्टन, टोरांटोहून आलेली पोरं, म्हणजे ज्याला आता सगळे डेटी डिसेंबर म्हणतात, लग्नं, पार्ट्या, कॉन्सर्ट. शिवाय अंत्यविधी. पूर्वेकडे बऱ्याचदा अंत्यविधी मृत्यूनंतर कित्येक आठवड्यांनी ठरवून करतात, सगळं घराणं जमतं, त्याला जाणं टाळता येत नाही. घरचा फ्रिज पुढच्या वर्षी घेतील पण ह्या प्रवासाचा खर्च कापणार नाहीत. खर्चाचा हा क्रम ज्याला कळला त्याला तिथली मागणी कळली असं मी म्हणेन.

आता भाव. 2022च्या सुरुवातीला इंधन भडकलं आणि देशांतर्गत कंपन्यांनी कमीत कमी भाडं 50,000 नायरा (तिथलं चलन) केलं. तेव्हा देशातलं किमान वेतन होतं महिन्याला 30,000. एका बाजूचं तिकीट महिन्याच्या पगाराहून जास्त! जुलै 2024मधे किमान वेतन 70,000 झालं तोवर तिकीट लाखाच्या पुढे. कारण विमान भाड्याने घ्यायचं डॉलरमधे, मोठं मेंटेनन्स परदेशात डॉलरमधे, विमा डॉलरमधे, आणि जून 2023मधे नायराचा दर बाजारावर मोकळा सोडल्यावर डॉलर 460-470 नायरांवरून वर्षभरात 1500च्या घरात गेला. ह्यावर सरकारचा तिकिटामागे 5 टक्के चार्ज आहेच, बाकीच्या फिया वेगळ्या. त्यात बरेच छोटे विमानतळ सूर्यास्ताला बंद, रात्री उतरायची सोयच नाही, म्हणजे सकाळी एक फ्लाईट लेट झालं की संध्याकाळचं रद्द, आणि डिसेंबर-जानेवारीत हरमटानची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ आली की दिवसासुद्धा काही दिसत नाही. इतकं महागाचं विमान जमिनीवर उभं ठेवायचं आणि त्याचा खर्च उरलेल्या प्रवाशांकडून काढायचा, हा त्या बिचाऱ्यांवर सरळ अन्याय आहे.

परदेश प्रवासाची गोष्ट तर अजून वाईट. लोकांनी नायरात तिकिटं घेतली, पैसे भरले, पण कंपन्यांना ते डॉलर करून बाहेर नेता येईनात. जून 2023मधे अडकलेली रक्कम 85 कोटी डॉलरपर्यंत गेली होती, जगात सगळ्यात जास्त. एमिरेट्सने 2022मधे फ्लाईट बंद केली ती थेट 1 ऑक्टोबर 2024ला परत आली. बाकीच्यांनी काय केलं, तर नायजेरियात स्वस्त तिकिटं विकायचीच बंद केली, फक्त सगळ्यात वरच्या भावाची ठेवली. मग लोक रस्त्याने घानातल्या अक्रा नाहीतर बेनिनमधल्या कोटोनूला जाऊन तिथून उडायला लागले. म्हणजे मागणी मेली नव्हती, ती शेजारच्या देशात जाऊन खर्च होत होती, आणि इकडचे अधिकारी प्रवासी कमी झाले म्हणून रडत होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, की त्या काळातली सगळीच मागणी खरी नव्हती. प्रवासासाठी बँकेतून सरकारी रेटने तीन महिन्यांतून एकदा 4,000 डॉलरपर्यंत मिळायचे आणि बाहेर काळ्या बाजारात डॉलरचा भाव कितीतरी जास्त, त्यामुळे काहीजण तिकीट दाखवून डॉलर घ्यायचे आणि तिकीट कॅन्सल करायचे. 2021मधे सेंट्रल बँकेने अशांची नावं जाहीर करायला बँकांना सांगितलं होतं. पण म्हणून सगळ्या प्रवाशांकडे संशयाने बघायचं?

भाव कमी होऊ शकतात हे सिद्ध झालंय. 30 मार्च 2024ला नायजेरियाच्याच एअर पीस कंपनीने लागोस ते लंडनचं गॅटविक विमानतळ सुरू केलं, जाऊन-येऊन 12 लाख नायरापासून, आणि मोठमोठ्या परदेशी कंपन्यांना लंडनचे भाव खाली आणावे लागले. स्पर्धा आली की जमतं, मग आधी का जमत नव्हतं हा प्रश्न कुणीतरी विचारायला पाहिजे.

मला ह्यात सगळ्यात जास्त टोचतं ते पेशंटचं. मुंबई-पुण्यात किडनी, हृदय, कॅन्सरच्या उपचारांना नायजेरियन लोक येतात, बरोबर निदान एक नातेवाईक, आदिस अबाबा किंवा दोहाला विमान बदलून. ऑपरेशनसाठी जमवलेल्या पैशातला केवढा तरी भाग दोन तिकिटांत जातो, आणि त्या तिकिटांतला बराच वाटा करांचा. इकोवास ह्या पश्चिम आफ्रिकी संघटनेच्या देशांनी 1 जानेवारी 2026पासून विमान प्रवासावरचे कर काढायचं आणि प्रवासी फी 25 टक्के कमी करायचं ठरवलंय. अबुजातल्या सरकारने हे पूर्ण आणि मनापासून अमलात आणावं, आणि ज्या विमानतळांवर रात्रीचे दिवे नाहीत तिथे ते आधी लावावेत, नवीन टर्मिनलची उद्घाटनं नंतर करा.